जेन्नारोच्या गाण्यातली ती

रास अल खैमा,
रविवार

प्रिय दर्शना,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागदावर लिहितोय. तुझ्या मैत्रिणीला, ममताला, बजावून सांगितलंय, आधी तुला विचारायचं, तू हो म्हणालीस तरच पाकीट द्यायचं. नाहीतर फाडून टाकायचं.

आमच्या टाइल्सच्या फॅक्टरीत भट्टीच्या दुरुस्तीला इटलीहून जेन्नारो नावाचा मेकॅनिक आलाय. नापोलीचा, साठीच्या पुढचा. मला त्याच्या हाताखाली दिलंय. पाना फिरवता फिरवता तो सारखा गातो. ही इटालियन नव्हे, म्हणतो, आमच्या गावची बोली. आपली मालवणी तशी. गाणी त्याच्या आजोबांच्या वेळची. शब्द कळत नसले तरी मी कान देऊन ऐकायचो. एकदा चहाला बसलो तेव्हा एकाचा अर्थ विचारला. म्हणाला, एक माणूस तिच्या खिडकीखाली उभा आहे, ती खिडकी उघडत नाही आणि तो म्हणतो, मी इथून हलणार नाही. मला वाटलं, हे तर माझंच. दोन तास बसने दुबईला येऊन देऱ्यात तुझ्या ऑफिसखाली मी किती वेळा उभा राहिलोय, तुला ठाऊक आहे.

मी विचारलं, मग ती काय म्हणते? जेन्नारो म्हणाला, ती काहीच म्हणत नाही हबीबी, सगळी कडवी त्याचीच. तो स्वतःही तरुणपणी एका मुलीसाठी असाच वर्षानुवर्षं गात राहिला. शेवटी तिनेच गाव सोडलं. लोक अजून त्याला बिचारा म्हणतात आणि तिला दगड.

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. तू तर बोलली होतीस. मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी, अगदी शांतपणे : नागेश, मला तुझ्याशी लग्न करायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही. ते ऐकूनही तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो, दर्शना अजून विचार करतेय. प्रमिलाकाकूंच्या घरी आपल्या रविवारच्या गाण्याला मी तोंड पाडून तबल्यावर बसायचो आणि काकू तुला स्वयंपाकघरात नेऊन समजवायच्या. मग तू यायचीच थांबलीस. तेव्हाही सगळ्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

आज सकाळी काकूंकडे गेलो. गाणं सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगितलं, तिने तेव्हाच स्पष्ट नाही म्हटलं होतं, खोटं मी बोललो. काकू म्हणाल्या, अरे, पण तुझं मन? म्हटलं, ते माझं मी बघेन; तिला यापुढे कुणी एक शब्द विचारायचा नाही. तबला अंकुरकडे दिला आणि निघालो. आता मी तिथे जाणार नाही, तुझ्या ऑफिसकडेही फिरकणार नाही. अजून दुखतं, पण ते निस्तरणं तुझं काम नाही. तुझं गाणं माझ्यापायी सुटलं होतं, एवढंच सांगायला हे पत्र. पेटीशेजारची तुझी जागा त्यांनी ठेवली आहे. रविवारी साडेदहाला सुरू करतात. उत्तर पाठवू नकोस.

नागेश