चोचीतली भेट

३ एप्रिल, सकाळी ६
संकल्प: केशरी गळ्याच्या माशीमाराचा फोटो काढायचा. चिमणीपेक्षा लहान, पाठ निळीशार, राहतो डोंगरातल्या दाट झाडीत. पक्षीमंडळात कुणाकडेच धड फोटो नाही. सेक्रेटरी म्हणाले, संयम लागतो. पस्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली, आणि हे मला संयम शिकवणार.

७ एप्रिल
चार दिवस जंगलात. मान धरली. पक्षी नाही. जंगलातच काहीतरी खोट असावी.

८ एप्रिल
स्पीकर आणला. त्याचंच रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं की तो धावत येतो. विणीच्या दिवसांत मंडळाची मनाई आहे. नियम नवशिक्यांसाठी असतात.

९ एप्रिल
जंगल थेट आमच्या घरामागच्या दरडीपर्यंत आलंय. दरडीवर एक सपाट दगड आहे, त्यावर स्पीकर ठेवला. दोन मिनिटांत नर हजर. काय गायला! मैत्री जमली म्हणायची. फोटो हलला.
ही म्हणाली, मागच्या बाजूला बसू नका. कारण सांगेना. हल्ली कपडेसुद्धा पुढच्या दारी वाळत घालते. हिला माझं चांगलं कधी बघवलंय?

१२ एप्रिल
रोज चार तास वाजवतो. नर खाणंपिणं विसरून स्पीकरभोवती फिरतो. पुस्तकात म्हटलंय, दुसरा नर हद्दीत घुसला असं वाटून तो बिथरतो. पुस्तकं लिहिणारे घरात बसून लिहितात. मादीही दिसली, मातकट. तिच्यावर फोटो वाया घालवला नाही.
हिने स्पीकर पिठाच्या डब्यात लपवला होता. शोधून काढला. बायकोने इतकं जळू नये.

१५ एप्रिल
जमलं. लख्ख फोटो. चोचीत हिरवी अळी, माझ्यासाठी भेटच आणली असावी. अर्धा तास तशीच धरून स्पीकरसमोर बसला होता. मंडळाच्या अंकाचं कव्हर आता आपलंच.

१७ एप्रिल
नर फिरकला नाही. रुसला असेल. आवाज वाढवला.

१८ एप्रिल
सेक्रेटरींचा फोन. फोटोचं कौतुक नाही. चोचीत अळी म्हणजे पिल्लांना भरवत होता, म्हणाले, घरटं कुठे आहे? मी म्हटलं, घरटंबिरटं काही नाही.
हिने ऐकलं. हात धरून मागे नेलं. सपाट दगडाच्या खालीच कपार. आत शेवाळाची वाटी, त्यात चार पिल्लं. मुंग्या लागलेल्या.
"तीन वर्षं येत होते," ही म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून येत होते."

१९ एप्रिल
फोटो मागे घेतो असं मंडळाला कळवायचं आहे. उद्या नक्की.
हिने आज कपडे मागच्या दारी वाळत घातले.