थोरलीला वाचून दाखवायचे कलम

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने पुस्तके बांधणारी, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. वकिलांनी विचारले, "कोणाचा दबाव आहे का?" मी म्हटले, "दबाव नाही, भीती आहे." ते म्हणाले की भीती असली तर चालते, दबाव असला तर चालत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते : मी घाबरलेली आहे, आणि पुढचे सगळे स्वतःच्या मनाने लिहीत आहे. धाकट्याच्या लग्नानंतर केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. मला दोन मुले. थोरली मुलगी, चाळिशी ओलांडलेली. तिची समज सात-आठ वर्षांच्या मुलीइतकी आहे असे तिच्या कागदांवर लिहिलेले असते. मला ते कधी पटले नाही, पण तिला एकटीने राहता येत नाही हे खरे. धाकटा मुलगा परगावी नोकरीला. त्याचे बहिणीवर प्रेम आहे, यात शंका नाही. तो मला म्हणाला, "आई, तिला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू." बाळा, चांगली संस्था कोणती हे दारावरच्या पाटीवरून कळत नसते. पुढची कलमे वाचताना हे लक्षात ठेव आणि माझ्यावर रागावू नकोस.

२. घराचा वरचा मजला थोरलीच्या हयातीपर्यंत तिच्या राहण्यासाठी. तिच्यासोबत शिवणाच्या बाई, म्हणजे स्नेहमंडळात शिवण शिकवणाऱ्या, राहतील. त्यांनी होकार दिला आहे. माझी शिल्लक या दोघींच्या खर्चासाठी आहे आणि तिचा हिशेब धाकट्याने पाहावा. थोरलीच्या पश्चात वरचा मजला धाकट्याचा. त्याच्या वडिलांचे घड्याळ मात्र त्याने आताच न्यावे.

३. पुस्तके दाबायचे लोखंडी यंत्र, सुया, कातरी आणि खळीची भांडी थोरलीची. दोरा मी घालते, खळ ती लावते. तिच्याइतकी एकसारखी खळ मलाही जमत नाही. पाने सुटलेली पुस्तके लोक अजून आणतात. कोणी तिला "राहू दे गं, तुला नाही जमायचं" म्हणू नये.

४. तळमजला मी आमच्या गल्लीच्या स्नेहमंडळाला देते. मंडळात दिवसा एकटी म्हातारी माणसे आणि थोरलीसारखी मंडळी येतात, शाळा सुटल्यावर मुले येतात. मंडळ चांगले आहे. थोरली तिथे गाणी शिकली, भांडायला शिकली. पण मंडळाच्या गाडीवर एक चालक होता. सगळे त्याला काका म्हणत. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा, मुलांना गोळ्या द्यायचा, पगार वाढवून मागायचा नाही. येण्यापूर्वी तो कुठे कामाला होता, हे कोणी विचारले नव्हते. देवमाणसाला कोण विचारणार?

एका उन्हाळ्यात थोरली तिच्या वडिलांचा लोकरीचा कोट घालून मंडळात जायला लागली. गळ्यापर्यंत बटणे लावलेली, घामाने भिजलेली. काढू म्हटले की किंचाळायची. मी तिला खळ कालवायला बसवले, स्वतः दोरा ओवत बसले आणि तिच्याकडे न बघता विचारले.

ती म्हणाली, "काकांचं गुपित आहे."

"मला सांगशील?"

"नाही. गुपित सांगितलं की आई मरते. काका म्हणाले."

मी म्हटले, "मी नाही मरत. सांगून बघ." तिने सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. पोलिसांकडे लिहिलेले आहे.

५. त्या वेळचे अध्यक्ष आमच्या घरी आले होते. म्हणाले, "वहिनी, थोरलीला काय कळतं ती काय बोलते ते? मंडळाचं नाव जाईल. पोराबाळांचं मंडळ आहे." मी म्हटले, "पोराबाळांचं आहे म्हणूनच म्हणते." ते चहा न घेता गेले. ज्या खुर्चीत बसून ते हे बोलले, ती खुर्ची मी त्यांना देत आहे. त्यानंतर तिच्यावर घरातले कोणी बसलेले नाही. त्यांनी ती स्वतः येऊन न्यावी.

माझ्यासोबत पोलिसांत आल्या त्या फक्त शिवणाच्या बाई. वाटेत म्हणाल्या, "ताई, तो कोट मीही रोज बघत होते. विचारायचा धीर होईना." मी म्हटले, "आता चला." आम्ही गेल्यावर मग शाळेतल्या एका मुलीची आईही आली. चालकाला शिक्षा झाली. गल्लीत मात्र बरेच दिवस लोक मलाच म्हणत होते की तुम्ही तिला एकटीला पाठवायला नको होते. तो दोष मी घेतला नाही, आजही घेत नाही. तो ज्याचा त्याच्या पदरात.

६. म्हणून तळमजल्याला अटी आहेत. खोल्यांच्या दारांना काच असावी आणि आतून कडी नसावी. गाडीत चालकाखेरीज आणखी एक मोठे माणूस हवे. काम करायला येणाऱ्या प्रत्येकाची आधीच्या ठिकाणी चौकशी व्हावी, मग तो अध्यक्षांचा मेहुणा का असेना. मुलाने, म्हाताऱ्या माणसाने किंवा थोरलीसारख्या कोणी काही सांगितले तर ते त्याच दिवशी मंडळाबाहेरच्या अधिकाऱ्यांपर्यंत जावे. खरे की खोटे हे मंडळाने ठरवू नये. आणि थोरलीने मान फिरवून हात मागे घेतला, तर तो नकार आहे. अटी मोडल्या तर तळमजला धाकट्याला जाईल. बाळा, तेव्हा मात्र भीड धरू नकोस.

७. आता ज्यासाठी हे घाईने लिहीत आहे ते.

चालक शिक्षा भोगून सुटला आहे. बाजारापलीकडे बहिणीकडे राहतो. गेल्या आठवड्यात दुपारी फाटकाशी येऊन उभा राहिला. मी ओसरीवर खुर्चीत होते. दम लागत असल्यामुळे मला चटकन उठता येत नाही. तो आत आला नाही. नम्रपणे म्हणाला, "ताई, तब्येत बरी नाही असं ऐकलं." मग वर खिडकीकडे बघून म्हणाला, "थोरली, तुला सांगितलं होतं ना मी?"

आणि गेला.

थोरली खिडकीत होती. तेव्हापासून ती जेवत नाही, कोट पुन्हा अंगात आहे, आणि मला खोकला आला की ती कोपऱ्यात जाऊन तोंडावर हात दाबून धरते. पोलिसांत कळवले आहे. त्यांनी त्याला दम दिला. पण तिच्या कानात जे गेले ते काढायला पोलिसांकडे काही नाही. मी जाईन तेव्हा तिला वाटेल की तिनेच मला मारले. मला मरणाची भीती नाही. मला या गोष्टीची भीती आहे, आणि ती छातीतल्या दुखण्यापेक्षा जास्त आहे.

सबब मी जाहीर करते : माझ्या हृदयाची झडप झिजलेली आहे. हा आजार तो माणूस आमच्या गल्लीत येण्याच्याही आधीपासूनचा आहे. माझ्या मृत्यूचे कारण तो आजार असेल. थोरलीने गुपित सांगितले ते बरोबर केले. त्यामुळे एक लहान मुलगी वाचली. हे कलम माझ्या पश्चात डॉक्टरांनी थोरलीला वाचून दाखवावे.

८. आज सह्यांआधी डॉक्टरांनी ते तिला वाचून दाखवले. तिने नीट ऐकले. मग विचारले, "म्हणजे काका खोटं बोलले?"

डॉक्टर म्हणाले, "हो."

"मोठी माणसं खोटं बोलतात?"

"काही बोलतात."

ती म्हणाली, "तुम्ही पण मोठेच आहात."

वकिलांनी पेन खाली ठेवले. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "मग उद्या पुन्हा विचार. परवाही विचार. आम्ही रोज तेच सांगू. खोटं बोलणारा रोज तेच सांगत नाही." हे कितपत खरे आहे मला माहीत नाही. थोरली म्हणाली, "रोज?" बाई म्हणाल्या, "रोज."

म्हणून वरच्या कलमात माझ्या हाताने भर घालते : एकदा वाचून भागणार नाही. ती जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा वाचावे, आणि वाचणाऱ्याने कंटाळू नये.

ठिकाण : माझे राहते घर.
तारीख : नऊ मार्च, सोमवार.

मृत्युपत्र करणारीची सही : थोरलीची आई

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही आणि ज्यांच्या देखत सही झाली :
१. डॉक्टर, सही
२. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, सही

शिवणाच्या बाई हजर होत्या. त्यांना या मृत्युपत्राने राहायला घर मिळत असल्यामुळे त्यांची सही घेतलेली नाही.