मोजण्याआधी सही

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून लुके विमानतळाच्या मालगोदामात मागच्या खोलीत रुजू झालो. नोकरी मिळाली, आणि तीही पंखा असलेल्या खोलीत! बायको झुनिल्दा म्हणाली, बाळ पायगुणाचं आहे हो. सातवा महिना संपत आलाय तिचा.

हॉस्पिटलांना लागणारी किरणोत्सारी औषधं इथं पेट्यांतून उतरतात आणि रिकामी झालेली शिशाची भांडी परत जातात. काम शिकवायला काराई क्रिस्पिन आहेत; काराई म्हणजे आमच्यात वडीलधाऱ्याला मानाने म्हणायचं. वय एकसष्ट, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं : किरणं मोजायचं मीटर पेटीला टेकवून आकडा बघ, मग दोन हात लांबून बघ, पेटीवर डकवलेल्या पिवळ्या चिठ्ठीतल्या आकड्याशी ताडून बघ. कागदाने पेटी पुस, तो कागद तपास. मग सही. त्याआधी बाप आला तरी सही नाही. घरी जाताना दाराच्या यंत्रावर हात ठेवायचे. अंगाला काही चिकटलं असेल तर ते बोंबलतं, आणि ते गप्प होईपर्यंत दार काही उघडत नाही.

७ नोव्हेंबर
सांगणं एक आणि वागणं एक! ट्रकवाला अबुंदियो आला की आधी तेरेरेचा, म्हणजे बर्फ घातलेल्या पाल्याच्या गार चहाचा, एकच पेला सगळ्यांत फिरतो. आपल्यापाशी पेला अडवून दुसऱ्याला ताटकळत ठेवणं हा आमच्यात सरळ अपमान. परवा मी मीटर काढलं तर अबुंदियो ओरडला, काय रे शहाण्या, बर्फ वितळतोय, सही ठोक आणि पेला पुढं सरकव, पेट्या काय पळून जाणारेत? काराई दुसरीकडे बघत होते. मग ठोकली सही. आता रोजच आधी सही, मग मोजमाप. सगळेच तसं करतात.

काराई माझ्याआधी हजर असतात आणि मी निघालो तरी तिथंच असतात. जेवण इथं, झोपही इथंच म्हणे. मी थट्टेने विचारलं, काकूंनी हाकलून दिलं की काय? त्यांना हसू आलं नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

१२ नोव्हेंबर
आज कागदावर सात ओळी होत्या, पेट्या उतरल्या सहा. माझी सही करून झाली होती, पेलाही पिऊन झाला होता. मग वाचलं. सातवी ओळ अशी : क्रिस्पिन विल्यासबोआ यांच्या जागी, नेरी काबान्यास. मिळाला.

माझं नाव. मी हसलो, म्हटलं ही कसली चेष्टा? काराई दाराकडे निघाले होते. यंत्रावर हात ठेवले, ते गप्प राहिलं, दार उघडलं. म्हातारा ढसाढसा रडला. म्हणाला, पोरा, मीही अशीच न वाचता सही केली होती, नऊ वर्षं झाली, तुला सांगायची हिंमत झाली नाही, माफ कर. आणि गेला.

संध्याकाळी मी हात ठेवले. यंत्र बोंबललं. सात वेळा हात धुतले, साबणाची वडी झिजून पापडासारखी पातळ झाली. पुन्हा तेच.

१३ नोव्हेंबर
मीटर छातीला टेकवलं. काटा पार टोकाला. माल उतरवायच्या शटरमधून सरळ बाहेर पाऊल टाकलं, तर आतच उभा. तीनदा केलं. तिन्ही वेळा याच पंख्याखाली. अंगाला काही दुखत नाही. फक्त जाता येत नाही.

झुनिल्दाला फोन केला. म्हटलं, डबल पाळी लावलीय, बाळाच्या खर्चाला बरं. खरं काय सांगणार होतो? ती म्हणाली, बाळंतपणाला तरी याल ना? म्हटलं, वेडी की काय, येणारच.

२० नोव्हेंबर
अबुंदियोची गचांडी धरली. तो म्हणाला, माझ्यावर कशाला डाफरतोस, मी माल उतरवतो आणि सही घेतो, कागदावर कोण काय लिहितं मला ठाऊक नाही. कोणी नवा येऊन अशीच सही करेल तेव्हा सुटशील.

मनात आलं, कोणीही येऊ दे, माझं काय जातं. लाज वाटली. पण आलं मनात.

२८ नोव्हेंबर
यंत्र आता मी पाच हातांवर असलो तरी बोंबलतं — झोप नाही — नवा माणूस कोणी येत नाही. झुनिल्दा फोनवर रडली. डॉक्टर म्हणतात, दिवस भरायच्या आधीच होईल — आणि मी इथं —

२ डिसेंबर
झुनिल्दा आलीय! खोलीच्या काचेपलीकडे, पोटावर हात धरून. चिपा आणलाय माझ्यासाठी, घरी भाजलेला चीजचा पाव. अबुंदियोच घेऊन आला तिला. मघाशी शटरपाशी येऊन सांगून गेला : तिनेच विचारलं म्हणे, माझ्या माणसाला कधी सोडता? त्याने तिला सांगितलं, एका सहीचं काम आहे, वहिनी.

तिला पेला दिलाय त्याने — कागद पुढं केलाय — काच जाड, माझा आवाज जात नाही, फोन ती उचलत नाही. मी मुठी आपटतोय. ती हसतेय. तिला वाटतंय मी घाई करतोय —

मला इथून दिसतोय कागद. शेवटची ओळ. नेरी काबान्यास यांच्या जागी — नग दोन.

दोन —

हे पान काचेला लावतो. मोठ्या अक्षरात. झुनिल्दा, पेला खाली ठेव, सही करू नको, आधी वाच, झुनिल्दा, बाळासकट तू —

यंत्र गप्प झालं. माझ्या पाठीमागे दार उघ