पेण ते रोहा, सोबतीसकट

पेण,
शुक्रवार, दुपार (बाबा झोपलेत)

तीर्थरूप मालूआत्येस,

किमयाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे होते तसेच आहेत आणि बाबांचा आवाजही होता तसाच आहे. तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? रितेशदादा स्वतः गोळ्या काढून देतो असं कळलं. (अष्टमीहून पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जायचं तरी तो तुला एकटी सोडत नाही, हेही कळलं. गुणी मुलगा आहे. देव त्याला भरपूर ओव्हरटाइम देवो.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण दादा घरी असला की तुझा फोन तोच उचलतो आणि स्पीकरवर टाकतो, आणि त्याची शिफ्ट कधी कुठली असते ते मला कळत नाही.

त्या दिवशी मी तुझ्याकडे जेवणं उरकल्यावर, घामाघूम होऊन उगवले. तू काही विचारलं नाहीस, नुसतं ताट वाढलंस. तेव्हापासून मनात आहे की तुला तरी खरं सांगावं.

कोल्हापूरच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आहे हे तुला माहीतच आहे. बाबांचं म्हणणं, मुलीने एकटीने लांब जायच्या आधी जवळ जाऊन दाखवावं. रोह्याला आत्याकडे नीट पोचलीस तर कोल्हापूर, नाहीतर काकांच्या पापडाच्या दुकानात गल्ल्यावर बस. (पापडांशी माझं वैर नाही. पण जन्मभर त्यांच्याकडे बघत बसायचं म्हटलं की माझा जीव घाबरा होतो. ही नोकरी मला हवी आहे, आत्या, फार हवी आहे.)

तयारी आठवडाभर चालली. मोबाईलवर आलेले बायकांच्या सुरक्षिततेचे सल्ले बाबा रोज जेवताना मोठ्याने वाचायचे. आपण एकट्या आहोत हे कोणाला कळू देऊ नये. कुठे उतरणार ते सांगू नये. मोबाईल हातात मिरवू नये, पिशवीत ठेवावा, पण आपण कुठे आहोत ते घरच्यांना नकाशावर सतत दिसेल अशी सोय करावी. सल्ले चांगलेच होते आणि मी सगळे पाठ केले. मग आम्ही पेणच्या स्टँडवर गेलो आणि बाबांनी कंडक्टरला हाक मारून सांगितलं, "ही माझी पोरगी. एकटीच हाय. रोह्याला उतरंल. जरा बघा." बाबांचा आवाज तुला ठाऊक आहे. शेजारच्या अलिबागच्या गाडीतल्या माणसांनीही जरा बघितलं.

तेवढ्याने त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी सोबत शोधली. आपल्याकडे सोबत ओळखीची लागत नाही. वयस्कर बाई असली आणि त्याच गाडीत बसली की झालं. तशा रोह्यालाच निघालेल्या गोदूबाई सापडल्या. जन्म मिठागरावर गेलेला, मांडीवर सुक्या जवळ्याची पिशवी. त्यांना बसवून द्यायला त्यांचा मुलगा धनेश आला होता. बाबा त्याला म्हणाले, मुलगी एकटी आहे, तुमच्या आई आहेत म्हणून बरं झालं. तो बाबांना म्हणाला, आई एकटी आहे, तुमची मुलगी आहे म्हणून बरं झालं. दोघांनी एकमेकांचे आभार मानले. आपण एकमेकांकडे काय सोपवलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. हरवू नये म्हणून धनेशने आईचा मोबाईलही माझ्याच पिशवीत ठेवला आणि दोघे निर्धास्तपणे चहा प्यायला गेले.

वडखळ सुटल्यावर मागच्या बाकावरचा पांढऱ्या पँटीतला एक गृहस्थ उठून माझ्या शेजारी येऊन बसला. एकट्याच का, रोह्यात कोणाकडे, अशी चौकशी झाली. (उत्तरं त्याला स्टँडवरच मिळाली होती.) मग त्याचं कोपर हळूहळू माझ्याकडे सरकू लागलं. माझ्याकडे बाबांनी दिलेली शिट्टी होती, पण ती तुझ्यासाठी दिलेल्या मिरगुंडांच्या खाली होती. मला राग आला आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम वाटतात, हे सल्ल्यांत लिहिलेलं नसतं. गोदूबाई खिडकीशी डुलक्या घेत होत्या असं मला वाटत होतं. त्या उठल्या, मला खिडकीत ढकललं, मधे बसल्या आणि जवळ्याची पिशवी तोंड उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. "धर रं भावा. सांडू नको." नागोठणं येईपर्यंत तो ड्रायव्हरपाशी उभा होता आणि त्याच्या आसपास कोणी उभं राहत नव्हतं.

नागोठण्याच्या स्टँडात गोदूबाई उतरून चालू लागल्या. मी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, "रंभाकडं. तू बस गो, मी काय हरवतंय व्हय?" पण त्यांची सोबत मी होते. मी धावत उतरले आणि त्यांना गाठेपर्यंत मागे गाडी सुटली. कंडक्टरला जरा बघायला सांगितलेलं होतं, पण त्याने तेवढ्यातच बघितलं नाही. माझी पिशवी दोन मोबाईल घेऊन रोह्याला गेली.

रंभाबाई पूर्वी गोदूबाईंबरोबर बाजारात मीठ विकायला बसायच्या. वाटेत गोदूबाई म्हणाल्या, "पयले डोक्यावर मीठ घेऊन अंधारात एकटीच निघायची गो. तवा कोणी नाय इचारलं, सोबत हाय का. आता पोरगा कंपनीत लागला, तर परसात जायला पण सोबत देतो." रंभाकडे रविवारी गाडीने नेतो, असं धनेश गेली काही वर्षं म्हणतो आहे. रंभाबाईंना आता दिसत नाही. त्यांनी गोदूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चहा गार झाला तरी सोडला नाही. दोघी फार बोलल्या नाहीत. मला रडूच आलं, म्हणून मी अंगणात जाऊन वाळत घातलेले वाल बघत बसले.

पुढे विक्रम रिक्षात कोंबून घेऊन आम्ही रोहा गाठलं. पिशवी डेपोत कंट्रोलरच्या टेबलावर सुखरूप होती. तोवर बाबांनी नकाशावर माझा ठिपका वेळेवर रोह्यात शिरताना पाहिला होता, मी फोन उचलेना म्हणून तुला लावला होता, आणि तू म्हणाली होतीस, "व्हय, आली. जेवतेय." (दादा शिफ्टला होता, नाहीतर तो खरं बोलला असता.) मी तेव्हा नागोठण्यात होते. तू असं का म्हणालीस ते मी विचारत नाही, कारण तूही मला काही विचारलं नाहीस. पण त्या तुझ्या तीन शब्दांवर मी पास झाले. बाबा आळीत सांगत फिरतात की सल्ले पाळले तर काही होत नाही.

हे पत्र गोदूबाईंच्या हातून पाठवते आहे. धनेशने त्यांना पुन्हा सोबत शोधून दिली आहे. बिचाऱ्या मुलीला नागोठण्याचं काही माहीत नाही.

तुझी,
किमया

ता. क. कोल्हापूरला जायची परवानगी मिळाली, पण सोबतीशिवाय नाही. बाबांनी तुझं नाव काढलं आहे आणि रविवारी ते फोन करतील. कृपा करून हो म्हण. लगेच म्हणू नकोस, आधी जरा कंबर दुखते म्हण.

ता. क. (दुसरा) मला पोचवल्यावर परतीला तुझ्या सोबतीला कोण, हे अजून बाबांच्याही लक्षात आलेलं नाही आणि दादाच्याही. तू लक्षात आणून देऊ नकोस. वाटेत कुठे उतरावंसं वाटलं तर खुशाल उतर. मोबाईल तेवढा पिशवीत घालून कंडक्टरकडे दे. तो वेळेवर घरी पोचेल.