लावणीत सोडलेली वाट

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि काल इथं अमेरिकेत, ट्रॉयच्या मॉलमध्ये, तुमच्यावरून दोन म्हातारे भांडले. थंडीत बाहेर चालवत नाही, म्हणून दुकानं उघडायच्या आधी आम्ही मॉलमध्ये फेऱ्या मारतो. माझे सोबती दोघं. एक ज्यू, दातांचे डॉक्टर होते. दुसरे पॅलेस्टाईनचे, किराणा दुकान चालवायचे. माझ्या मोडक्या इंग्रजीला हसत नाहीत, एवढं मला पुष्कळ आहे. पण टीव्हीवर तिकडच्या लढाईच्या बातम्या वाढल्या आणि आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलेनात. एक उजवीकडून चालतो, दुसरा डावीकडून. समोरासमोर आले की काचेतले बूट बघतात. ही सोबत तुटली तर मी दिवसभर कुणाशी बोलू? सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका हं. पॉलिटिक्स अव्हॉइड करा."

काल दमून दोघंही माझ्याच बाकावर बसले, एक इकडे, एक तिकडे. डॉक्टर म्हणाले, "आमचं देऊळ तिथं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही प्रार्थनेत त्याच गावाचं नाव घेतो. युरोपात आम्हाला मारलं, तेव्हा दार उघडायला कुणी नव्हतं." किराणावाले म्हणाले, "मारलं त्यांनी, आणि घर गेलं माझं? आजोबांची ऑलिव्हची झाडं तिथं, आमची मशीद तिथं. आम्ही कुठून आलो नव्हतो, तिथंच होतो." मग दोघं माझ्याकडे वळले. "तू सांग."

मी चौथी शिकलेला, मला काय कळतं? घाबरून तुमचंच सांगून टाकलं. कूळकायद्यानं शेत आपल्या नावावर झालं, पण जुन्या मालकांची, खोतांची, देवी त्याच शेतात, जांभळाखाली. खोत म्हणायचे, देवी आमची म्हणजे जागा आमची. तुम्ही म्हणायचात, चिखल आम्ही तुडवला, जागा आमची. आणि दर पावसाळ्यात लावणी करताना बांधापासून जांभळापर्यंत एक पट्टा कोरा ठेवायचात, नवरात्रात खोतांच्या बायकांना ओटी भरायला जाता यावं म्हणून. अजून दिसतंय मला: भरल्या भातातून त्या चालल्यात, आणि तुम्ही बांधावर पाठ फिरवून उभे आहात.

"ऐकलंस? देवी आधीची होती!" डॉक्टर म्हणाले.

"आणि चिखलात कोण होतं? याचा बाप!" किराणावाले.

"वाट किती रुंद होती?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"टोपली घेतलेली बाई जाईल एवढी."

"म्हातारी असली तर? हात धरायला दुसरी लागेल."

किराणावाले आठवड्यात पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "पण याच्या बापाकडे शेत होतं. माझ्या बापाकडे उरलंच नाही. तो वाट कशातून सोडणार?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. मग गुडघे दाबत उठले आणि किराणावाल्यांना म्हणाले, "चल. आज तुझ्या बाजूनं फिरू."

आज सकाळीही दोघं बरोबर आले, वाटेच्या रुंदीवरून वाद घालत. मी मागून चाललो. बरं वाटलं, आबा.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? उशीखाली ठेवतो. एक मात्र आहे. त्यांना मी सांगितलं, तुम्ही ती वाट हसत सोडायचात. खरं तर दरवर्षी खोतांना शिव्या घालत सोडायचात.