कोरडे आणि बुडवे

बाबा, गेल्या आठवड्यात काकांना तुमच्या कबरीत ठेवलं. ज्या जागेत तुम्ही इतकी वर्षं एकटेच ऐसपैस पडून होतात, तिथे आता तुमचा धाकटा भाऊ आला आहे, आणि तुमची तक्रार ऐकायला कोणी नाही. परवानगी मी दिली. कबरस्थानाच्या कमिटीपुढे वारस म्हणून सही मी केली. हे तुम्हाला मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे. रागाने बसले आहे, तेव्हा एखादा शब्द जास्त गेला तर जाऊ दे. तुमच्या हयातीत मी एकही जास्त शब्द बोलले नव्हते.

भांडण पाण्यावरून झालं होतं, हे आज कोणाला सांगितलं तर लोक विहिरीचं नाहीतर नळाचं समजतील. मी तेव्हा सातवीत होते. काका आपल्या मंडळीत रविवारच्या उपासनेला पेटी वाजवायचे. कोणाच्या तरी सोबत ते त्या नव्या, टाळ्या वाजवून गाणाऱ्या मंडळीत जायला लागले, आणि एका रविवारी सोमेश्वरच्या पुढे गोदावरीत उतरून त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी तुम्हा दोघांच्या कपाळावर पाळकसाहेबांनी पाणी शिंपडलं होतं, ते त्यांना पुरेना. संध्याकाळी आनंदाने आपल्याकडे जेवायला आले. मला ते स्वयंपाकघर दिसतं आहे. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही दोघं समोरासमोर पाटावर, आणि काका उत्साहाच्या भरात म्हणतात, "दादा, तूही एकदा पाण्यात उतर. आपण सगळे आजवर कोरडेच राहिलो रे." तुम्ही ताट सरकवून उठलात. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या तोंडी त्यांचं नाव राहिलं नाही. ते 'बुडव्या' झाले. तिकडच्यांनी आपल्याला कोरडे म्हणायचं, आपण त्यांना बुडवे म्हणायचं. तांब्याभर पाणी की नदीभर पाणी, एवढ्यावर सख्खे भाऊ तुटले आणि दोघांनाही वाटत होतं की आपण देवाची बाजू घेतो आहोत.

आपल्या माणसांत भेटल्यावर सलाम करतात. शाळेत मैत्रिणी हसायच्या, तू काय मुसलमान आहेस का म्हणायच्या, तेव्हा तुम्हीच मला समजावलं होतं की सलाम म्हणजे शांती, आपण समोरच्याला शांती देतो, ती द्यायला लाजायचं नसतं. मग त्र्यंबक नाक्यावर काय झालं, बाबा? मी तुमच्या सायकलवर मागे बसले होते. काका समोरून येत होते. त्यांनी लांबूनच हात वर केला आणि "सलाम, दादा" म्हणाले. तुम्ही नाकासमोर बघत पायडल मारत राहिलात. मी मागे वळून "सलाम, काका" म्हटलं. घरी आल्यावर आईसमोर मला उभं केलंत. ओरडला नाहीत, तुमचा आवाज कधी चढायचाच नाही, तेच वाईट होतं. तुम्ही म्हणालात, "ज्याला आपला बाप्तिस्मा चालत नाही, त्याला आपला सलाम कशाला?" आई परातीतलं पीठ उगाच मळत राहिली. त्या नाताळात तिने करंज्यांचा डबा शेजारणीच्या हाती काकांकडे पाठवला आणि मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून बजावलं. स्वतःच्या दिराला चार करंज्या द्यायला बाईला चोरी करावी लागली. आणि तुम्ही त्याच नाताळात प्रीतीवर उपदेश केलात.

उपदेश तुम्ही चांगला करायचात, हे मी नाकारत नाही. तुम्ही शिकवायचात ती शाळा शनिवारी सुटली की एसटीने पेठकडे जायचं, पाड्यावर कोणाच्या तरी अंगणात कंदील टांगून सुवार्ता सांगायची. सुट्टीत मला घेऊन जायचात. तिथल्या आजारी पोरांना तुम्ही खांद्यावर घेऊन नाशिकला दवाखान्यात आणलंत, हे ते लोक कधी विसरले नाहीत आणि मीही विसरलेली नाही. पण तो एक दिवस माझ्या घशात अडकला आहे. तुम्ही सांगत होता की प्रभूने पकडले जाण्याआधी आपल्या माणसांसाठी एकच गोष्ट मागितली, की ती सगळी एक असोत. मला ते ऐकून रडू येत होतं, इतकं छान सांगत होता. संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईने सहज विचारलं, "भाऊ नाय आला का तुमचा? आता पेटी कोण वाजवील?" तुम्ही म्हणालात, "त्याची तब्येत बरी नसते." काका ठणठणीत होते. आदल्याच दिवशी मी त्यांना बाजारात कलिंगड निवडताना पाहिलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्या शेजारच्या जोशीणबाई कोणालाही उद्देशून म्हणायच्या. मला ती पहिल्यांदा त्या अंगणात कळली. आपल्याला कोरडे म्हणण्यात काका चुकले नव्हते, फक्त कोरडेपणाचा हिशेब त्यांनी पाण्याने लावला.

काकाही काही संत नव्हते. त्यांचे लोक आपल्या दाराशी येऊन पत्रकं टाकायचे, जणू आपण कधी देवाचं नाव ऐकलंच नव्हतं. पण ते आले होते, बाबा. तुम्ही शेवटचे आजारी होता तेव्हा ते आले. ओसरीवर चपला काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, "दादाला विचार, आत येऊ का." मी आत येऊन विचारलं. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. बाहेर जाऊन मला सांगावं लागलं की ते झोपलेत. काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेले. तुम्हाला नेलं त्या दिवशी ते कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उन्हात उभे होते. आत या म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण मंडळी सोडून गेलेल्याला आपल्या कबरस्थानात जागा नाही हा नियम तुम्हीच पंच असताना करून घेतला होता आणि तो जिवंत माणसालाही लागू असल्यासारखा सगळे वागत होते.

आणि आता या नियमाची गंमत ऐका. काकांच्या मंडळीला कबरस्थान नाही. शहरात जमीन मिळत नाही, गावकुसाबाहेर मागितली तर लोक अंगावर येतात. हल्ली कोणाच्या घरी बसून प्रार्थना केली तरी बाहेर कुजबुज होते. बाहेरच्यांना कोरडे आणि बुडवे हा फरक कळत नाही, त्यांच्या लेखी आपण सगळे सारखेच. आपल्यालाच तेवढा कळतो. काकांनी मला बोलावून घेतलं तेव्हा त्यांचं बोलणं जड झालं होतं. म्हणाले, "पोरी, मला दादाच्या कबरीत ठेवशील? जिवंतपणी त्याने घरात घेतलं नाही. आता तू घेऊन टाक." मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस मागून घेतले. तुमच्या कबरीतली ती जागा माझी होती. मी लग्न केलं नाही, तुमची उस्तवारी केली, आणि शेवटी निदान बापाशेजारी पडेन हे मी धरून चालले होते. आईच्या बाजूला तर केव्हाच जागा उरली नाही. एकदा कबर उघडली की पुन्हा फार वर्षं उघडत नाहीत. मला तेवढी वर्षं नाहीत.

काका गेले आणि मी कमिटीपुढे गेले. त्यातले दोघे शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मला तुमचा नियम सांगितला. तुमचं नाव घेताना आवाज असा मऊ केला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवे पाळक बिचारे तरुण आहेत, मधे पडून "प्रेमाने घेऊ या, मॅडम" म्हणत होते. मी म्हटलं, प्रेमाने घ्यायची वेळ होती तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता, आता नियमाने घ्या. कुटुंबाची कबर आहे, वारस मी आहे, उघडा. सेक्रेटरीने विचारलं, "पण मॅडम, मग तुमचं काय?" माझं मी बघेन म्हटलं. कुठे बघणार आहे ते मला अजून माहीत नाही.

दफनाच्या वेळी दोन्ही मंडळ्या आल्या. आधी प्रार्थना कोणाच्या पाळकाने करायची यावर कबरीच्या काठावर कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी इतक्या मोठ्याने "आमेन" म्हटलं की दोघेही गप्प बसले. त्यानंतरच्या रविवारी आपल्या पाळकांनी माझ्यावर उपदेश केला. म्हणाले, बघा, मंडळीतल्या एका बहिणीने स्वतःची जागा देऊन दोन घरं एक केली, याला म्हणतात प्रीती. बायका येऊन माझे हात धरत होत्या. मी मान डोलवत राहिले, कारण खरं काय ते सांगायची सोय नव्हती. ते फक्त तुम्हाला सांगता येतं, आणि तुमच्यापर्यंत हा कागद जाणार नाही, म्हणूनच इथे लिहिते.

माणसं जमण्याआधी, सकाळी, मी खणणाऱ्याजवळ उभी होते. तुमचं फार काही उरलं नव्हतं. जे होतं ते त्याने पांढऱ्या कापडात बांधलं आणि खाली कोपऱ्यात ठेवायला घेतलं. भला माणूस, वर बघून मला म्हणाला, "मॅडम, जरा सरकवतो हं यांना, दुसऱ्याला जागा व्हायला हवी." मी म्हटलं, सरकवा. चांगले सरकवा. त्यात प्रीती नव्हती, बाबा. आणि ते म्हणताना मला फार बरं वाटलं.