दुष्फेन पाण्यातली डाळ

१४ जानेवारी ७३, पारनेर
साप्ताहिकात माझं ‘वसतिगृहातली डाळ’ छापून आलं. ती डाळ बंदुकीत भरून सरहद्दीवर धाडावी, स्वयंपाकीणबाईंना शौर्यपदक द्यावं, वगैरे. गेल्या महिन्यात तिथं पाहुणा म्हणून जेवलो, त्याची ही परतफेड. संक्रांत असून तिळगूळ देताना जो तो डाळीवरच बोलत होता. गोड बोलायचं राहिलंच. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

२० जाने.
मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, “अभिनंदन. वसतिगृह समितीनं स्वयंपाकीण सुभद्राबाईला काढलं. लेखणीत ताकद आहे तुमच्या!”
पुढचा तास घेतला. काय शिकवलं, आठवत नाही.
बाई विधवा. नऊ वर्षं त्या चुलीपुढं. लिहिताना हे माहीत नव्हतं असं नाही. विनोदाच्या आड येत होतं.

२ फेब्रु.
टँकर तीन दिवस नाही. सौ.नं वसतिगृहाच्या नव्या बोअरचं पाणी आणलं. त्यांची विहीर दिवाळीतच आटली, तेव्हापासून तिकडे तेच पाणी. सकाळी चढवलेली तूरडाळ बारा वाजले तरी टणक. मी म्हटलं, लाकडं ओली असतील. सौ. म्हणाली, “मग लिहा माझ्यावर पण. पदक बैठकीच्या खोलीत लावू.”


३ फेब्रु.
दाढीच्या साबणाला फेसच येईना. नुसता दह्यासारखा चोथा. ब्रश तसाच टाकून उठलो.
शाळेत जाऊन दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत पिण्यापुरतं उरलेलं टँकरचं गोडं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचे थेंब. पहिलीत बोटभर फेस, दुसरीत साका. उकळून पुन्हा पाहिलं. तळाला पांढरा थर धरला, पण फेस नाहीच. कॅल्शियम, मॅग्नेशियम. बोअर खडकात मारलेली.
मग नववीला शिकवायची माझी वही काढली. चौदा वर्षं जशीच्या तशी उतरवून देतोय: ‘दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही व डाळ नीट शिजत नाही.’ खाली माझ्याच हातची लाल रेघ.
पोरं पाठ करतात. मास्तर विसरतो.

७ फेब्रु.
मु.अ.ना नळ्या दाखवल्या. म्हणाले, “आता नवी बाई आहे. ती सोडा घालते, डाळ मऊ होते. कशाला उकरता?” नवी बाई समितीतल्या एकाची मेहुणी.
सुभद्राबाईनं सोडा मागितला होता म्हणे. उधळपट्टी म्हणून नाकारला.
संपादकांना खुलासा पाठवला होता, त्यांचं कार्ड: रसायनशास्त्र वाचक वाचत नाहीत, काही खुसखुशीत धाडा.

८ फेब्रु.
दुष्काळी कामावर गेलो. सुभद्राबाई खडी फोडत होती. मला पाहून पदर सारखा केला.
“तुमी लिवलेलं लेकीनं वाचून दाखवलं, मास्तर. आमी बी लई हसलो.”
मी पाण्यातले क्षार समजावायला लागलो. ती हातोडी न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, “मला वाटलं, माजा हातच गेला. घरी चूल पेटवाया बी भ्या वाटतं.”
“हात ठीक आहे, बाई. पाणी वाईट होतं.”
“मंग ह्ये हसनाऱ्यांना सांगा की. मला काय सांगताय?”

११ फेब्रु.
आज बाजार. शाळेच्या फाटकाबाहेर दोन चुली मांडल्या, दोन पातेली, एकाच पोत्यातली डाळ. एकात बोअरचं पाणी. दुसऱ्यात सौ.नं घरातला पिण्याच्या गोड्या पाण्याचा अर्धा हंडा ओतला. मास्तर काहीतरी गंमत करतोय म्हणून ही गर्दी. समितीतले दोघेजणही होते. सुभद्राबाईला निरोप धाडला होता. हजेरी बुडवून आली.
दीड तासानं तिनं दोन्हींतले दाणे बोटांत दाबून पाहिले. एक चिरडला, दुसरा निसटून मातीत पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, “झ्याक जमलं, मास्तर!”
ती माझ्याकडे वळली. “ह्ये तुमाला आदीपास्नं ठावं हुतं?”
“हो,” म्हणालो.
तिनं हात पदराला पुसले आणि बाजारातून चालत गेली.
समिती मंगळवारी बसणार. तिला परत घेतील, असं मु.अ.ना वाटतं. ती येईल का, हे विचारायला जायचंय. आज धाडस झालं नाही.